कुत्रं पाळायचंय? आधी घरची बैठक घ्या



गटात कुणी कर्ज मागितलं की आपण लगेच पेटी उघडत नाही. कशाला पाहिजे, फेड कशी करणार, हप्ता चुकला तर काय, हे सगळं बैठकीत विचारतो. शेळी घ्यायची झाली तर दात बघतो, कास बघतो, दोन बाजार फिरतो. कुत्र्याचं मात्र तसं होत नाही. पोरगं शाळेतून येताना दप्तरात पिलू घालून आणतं, नाहीतर घरधनी बाजारातून येताना पिशवीत घेऊन येतात आणि "बघ काय आणलंय" म्हणत ओट्यावर सोडतात. त्याला भाकर कोण घालणार, त्याची घाण कोण काढणार, हे कुणी विचारत नाही. ते काम कुणाचं, हे सगळ्यांनी आधीच धरून चाललेलं असतं.

नीट सांभाळलेलं कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. आज पहिलीत जाणारी लेक बारावीला पोचेल, तोवर ते आपल्या दारात असणार. एवढ्या वर्षांचा निर्णय पिशवीतून येऊ नये. या लेखात सांगायचं ते एवढंच, की पिलू पारखायच्या आधी आपलं घर पारखा. आणि ज्या बाईच्या हातून ते सांभाळलं जाणार आहे, तिनं विचार करून 'हो' म्हटल्यावरच त्याला दारात आणा.

घरच्या बैठकीत विचारायचे पाच प्रश्न

रात्री जेवणं झाली की सगळ्यांना बसवा. मुलांनाही बसवा.

१. कुत्रं कशासाठी पाहिजे? मळ्यातल्या वस्तीवर राखणीसाठी, शेळ्या-कोंबड्यांसाठी, की पोरांना खेळायला? राखणीला भुंकणारं, जागं राहणारं कुत्रं लागतं. लहान मुलांच्या घरात शांत कुत्रं लागतं. एकाच कुत्र्याकडून सगळं मागितलं तर फसगत होते.

२. कोण काय करणार? सकाळची भाकर, पाणी, अंगणातली घाण, महिन्यातून एखादी अंघोळ, लसीला नेणं. एकेका कामापुढे एकेक नाव लिहा. सगळीकडे तुमचंच नाव आलं, तर तिथंच थांबा आणि पुन्हा बोला.

३. खाण्याचा खर्च झेपेल का? मध्यम अंगाच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला तीन भाकरी धरा. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरलं, तर महिन्याला नऊ किलो. वर्षाचा हिशोब एक क्विंटलच्या वर जातो. "शिळ्यापाक्यावर जगेल" असं म्हणणं सोपं आहे, पण आपल्या घरी रोज तीन भाकरी शिळ्या उरतात का, ते बघा. त्यावर लस, जंताचं औषध, पट्टा आणि कधीतरी आजारपण.

४. जागा कुठं? ऊन-पाऊस लागणार नाही असा कोपरा हवा. बिबट्याच्या भागात रात्री बंद करता येईल अशी जागा हवीच. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या ऊसपट्ट्यातल्या बायांना हे सांगायला नको. बिबट्या कुत्र्याला हमखास उचलतो. उघड्यावर साखळीनं बांधलेलं कुत्रं त्याच्यापुढं राखण करत नाही, ते बिबट्याला आपल्या दारापर्यंत आणतं.

५. घरात अजून कोण आहे? रांगतं बाळ, काठी घेऊन चालणारी सासू, गाभण शेळी, मोकळ्या कोंबड्या. दोन महिन्यांसाठी ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणार असाल, तर मागं कुत्र्याला कोण बघणार? गावात मोकाट दिसणाऱ्या कुत्र्यांत अशी मागं राहिलेली कुत्रीही असतात.

पाचांची उत्तरं जमली, तर पुढं जा. नाही जमली, तर वर्षभर थांबा. त्यात कमीपणा काही नाही.

कोणतं कुत्रं घ्यावं?

पहिलं कुत्रं घेणाऱ्या घराला बहुतेक वेळा आपलं गावठी कुत्रंच बरं. आपलं ऊन, आपला पाऊस, आपली भाकर त्याला मानवते. केस आखूड असतात, त्यामुळे गोचीड, पिसवा लवकर दिसतात. घरातल्या माणसांना चटकन ओळखतं आणि परक्याला भुंकतं. राखणीला याहून जास्त काय लागतं?

त्यातही एक सोपी वाट आहे. तुमच्या गल्लीत एखादं कुत्रं असेल, ज्याला तुम्ही वर्षभर भाकर टाकता, जे तुमच्या उंबऱ्यापाशी झोपतं आणि मुलांना कधी दात लावत नाही. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पिलाच्या स्वभावाचा अंदाज बांधावा लागतो, याचा तर तुमच्या डोळ्यांसमोर आहे. त्याला लस द्या, गळ्यात पट्टा घाला आणि त्यालाच आपलं म्हणा. नवं पिलू आणण्याची गरजच उरणार नाही.

धनगर बांधवांच्या कळपाबरोबर फिरणारी कुत्री राखणीला चांगली असतात, लांडग्यापासून मेंढरं वाचवायची सवय त्यांच्या रक्तात आहे. पण त्यांना काम लागतं, मोकळं रान लागतं. मराठवाड्यात आणि खाली कर्नाटकाच्या सीमेकडे पश्मी, कारवानी, मुधोळ अशा नावांची उंच, सडपातळ कुत्री दिसतात. ती पळण्यासाठी जन्मलेली. दिवसभर बांधून ठेवली तर कुढतात, आणि सुटली की समोर पळणाऱ्या जनावरामागं धावतात. कोंबड्या पाळणाऱ्या घरानं ती घेताना दहादा विचार करावा. आणि ससा धरायला कुत्रं सोडणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे घरातल्या पोरांना सांगून ठेवा.

आता मोबाइलवर दिसणाऱ्या विदेशी जाती. जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर, हस्की, पग. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात आपल्यालाच सावली सोडवत नाही. दाट केसांच्या कुत्र्याचं काय होत असेल? पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला उन्हात श्वास घेणंही अवघड जातं. त्यांचं खाणं जास्त, दवाखाना जास्त. आपल्या भागात त्यांच्या आजारांची माहिती असलेला डॉक्टर जवळ असेलच असं नाही.

इथं गटाच्या दृष्टीनं एक सांगते. "चांगल्या जातीची मादी घ्या, पिलं विकून कर्ज फेडा" असं सांगणारे भेटतात. त्या भरवशावर अंतर्गत कर्ज मागू नका आणि देऊही नका. कुत्र्यांची पैदास करून विक्री करायची तर केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. शिवाय पिलं मेली, विकली गेली नाहीत, तरी हप्ता थांबत नाही. शेळीला बाजार आहे. कुत्र्याच्या पिलाला आपल्या आठवडी बाजारात तसा भरवशाचा बाजार नाही.

नर की मादी?

गावात पिलं झाली की नर उचलले जातात, माद्या मागं राहतात. "कुत्री नको, पिलं घालत बसते" म्हणतात आणि ती पिलं उकिरड्यावर नाहीतर गावाबाहेर सोडून येतात. मादी म्हणून नको असणं काय असतं, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

खरं तर मादी घराला धरून राहते. नर वयात आला की भटकतो, भांडतो, जखमा घेऊन येतो. मादी साधारण सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत पहिल्यांदा माजावर येते, मग वर्षातून दोनदा. गाभण राहिली तर दोन महिन्यांनी पिलं होतात, चार-सहा, कधी जास्तही. म्हणून मादी घेतली तर नसबंदीचं शस्त्रक्रियेनं काम करून घ्यायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. नराचीही करता येते, त्यानं भटकणं आणि भांडणं बरंच कमी होतं. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ती होते का, नसेल तर तालुक्याला किंवा जिल्ह्याला कुठं होते, ते आधीच विचारून ठेवा.

पिलू कसं पारखायचं?

पिलू दोन महिन्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडू नका. वर सांगितलेल्या २०१७ च्या नियमांतही आठ आठवड्यांच्या आतलं पिलू विकायला बंदी आहे. आईजवळ आणि भावंडांत राहूनच पिलू शिकतं की किती जोरात चावलं की दुसऱ्याला दुखतं. लवकर तोडलेलं पिलू पुढं चावरं किंवा भित्रं होण्याची भीती असते.

शक्य असेल तर पिलाची आई बघा. माणसाला बघून अंगावर येणारी, नाहीतर थरथर कापणारी आई असेल, तर पिलं तशी होऊ शकतात. मग पिलाकडं या:

- डोळे स्वच्छ, पाणी किंवा चिपडं नाहीत. नाक वाहत नाही.
- हिरड्या गुलाबी. पांढुरक्या असतील तर जंत किंवा गोचिडांमुळं रक्त कमी झालेलं असू शकतं.
- पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि फासळ्या वर आलेल्या असतील, तर जंत समजा.
- शेपटीखालची जागा कोरडी, स्वच्छ. तिथं घाण चिकटलेली असेल तर जुलाब चालू आहेत.
- कातडीवर केस गेलेले चट्टे, खपल्या नाहीत. कानाच्या आत आणि बोटांच्या मधे गोचीड आहेत का, बघा.
- थोडं लांबून टाळी वाजवा. दचकून परत वळून बघणारं, मग हुंगत जवळ येणारं पिलू घ्या. कोपऱ्यात लपून बसणारं नको, आणि सगळ्यांना ढकलून चावत सुटणारंही पहिल्या घराला नको.

कीव आली म्हणून सगळ्यात रोडकं पिलू उचलावंसं वाटतं. उचला, पण मग त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची तयारी ठेवा.

लस आणि जंताचं औषध

आमच्या घरी बाजारातून महिन्याभराचं पिलू आणलं होतं. "मोठं झालं की लस देऊ" असं मीच म्हणाले. पंधरा दिवसांनी त्याला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. चौथ्या दिवशी ते गेलं. मुलगी आठवडाभर नीट जेवली नाही. तो पार्वो नावाचा आजार होता, आणि त्याची लस असते. हे मला पिलू गेल्यावर कळलं. पार्वोचे विषाणू मातीत बरेच महिने टिकतात. म्हणून ज्या अंगणात असं पिलू गेलं असेल, तिथं लगेच दुसरं बिनलसीचं पिलू आणू नका.

साधारण वेळापत्रक असं असतं. जंताचं औषध पिलू दोन-तीन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांचं होईपर्यंत. पार्वो, डिस्टेंपर अशा आजारांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, पिलू चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी आणि पुढं दरवर्षी. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पशुसखी ताईंकडे चौकशी करा, कोणती लस तिथं मिळते आणि कोणती बाहेरून आणावी लागते. लसीचं कार्ड रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा, हरवत नाही.

मोठ्या कुत्र्यालाही साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध लागतं. याचं कारण फक्त कुत्र्याचं पोट नाही. बकरं कापल्यावर काळीज-फुप्फुसावर पाण्याच्या गाठी दिसल्या की तो तुकडा आपण कुत्र्यापुढं टाकतो. त्या गाठीत जंताची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या पोटात वाढतात, अंडी विष्ठेतून परसात, भाजीवर येतात आणि तिथून आपल्या पोटात. मग माणसाच्या काळजात, फुप्फुसात तशाच गाठी होतात आणि ऑपरेशनची वेळ येते. असा कच्चा तुकडा कुत्र्याला घालू नका, खोल खड्ड्यात पुरा. आणि कुत्र्याला हात लावल्यावर मुलांना साबणानं हात धुवायला लावा.

गोचिडांसाठी शेतातलं फवारणीचं औषध कुत्र्याच्या अंगाला कधीही लावू नका. कुत्रं अंग चाटतं आणि विषबाधा होते. दवाखान्यातून विचारूनच औषध आणा.

काय घालायचं, काय नाही

नुसत्या भाकरीवर कुत्रं जगतं, पण अंग धरत नाही. भाकर वरणाच्या पाण्यात भिजवा, जमेल तेव्हा उकडलेलं अंडं द्या. तिखट-मीठ नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक आहे, म्हणून फोडणीची आमटी रोज ओतू नका. कुत्र्यासाठी वाटीभर वरण फोडणीआधीच बाजूला काढा, वेगळा खटाटोप लागत नाही. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांचे टोकदार तुकडे होऊन घशात, आतड्यात रुततात. द्राक्षं, मनुके आणि चॉकलेट नकोच. नाशिक-सांगलीकडच्या बायांनी द्राक्षाच्या हंगामात याकडं लक्ष ठेवावं. गाई-म्हशीच्या दुधानं बऱ्याच पिलांना जुलाब लागतात. पाणी मात्र कायम भरलेलं हवं.

बांधणं आणि मुलं

चोवीस तास साखळीला बांधलेलं कुत्रं राखणदार होत नाही, चिडखोर होतं. सकाळ-संध्याकाळ मोकळं करा किंवा दोरीनं फिरवून आणा. मुलांना चार गोष्टी पक्क्या सांगा. जेवणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही. झोपलेल्याला उठवायचं नाही. पिलं घेऊन बसलेल्या कुत्रीजवळ जायचं नाही. शेपटी-कान ओढायचे नाहीत. आणि लहान बाळाला कुत्र्याजवळ एकटं सोडायचं नाही, कुत्रं कितीही गरीब असलं तरी.

चावलं तर

हा भाग कापून भिंतीला लावला तरी चालेल.

घरचं असो की दारचं, पिलू असो की मोठं, दात लागला, ओरखडा निघाला किंवा जखमेवर लाळ पडली, तर:

- लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा.
- हळद, मिरची, चुना, तंबाखू, माती काही लावू नका. उतारा, मंत्र यात वेळ घालवू नका.
- त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा सरकारी रुग्णालयात जा. तिथं रेबीजची लस मोफत मिळते. आता पोटात इंजेक्शनं देत नाहीत, दंडात देतात. जखम खोल असेल तर जखमेतही एक औषध टोचावं लागतं. ते कुठं मिळेल, ते तिथंच विचारा.
- पुढच्या इंजेक्शनांच्या तारखा कार्डावर लिहून घ्या आणि एकही चुकवू नका.
- कुत्र्याला मारून टाकू नका. बांधून ठेवा आणि दहा दिवस लक्ष ठेवा. आजारी पडलं किंवा मेलं तर डॉक्टरांना कळवा. पण त्या दहा दिवसांसाठी स्वतःची लस थांबवू नका.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, असंच धरून चालायचं. लक्षणं दिसायच्या आत लस घेतली तर वाचतो. मधल्या वेळात आपण काय करतो, त्यावर सगळं आहे. शाळेतून येताना कुत्र्यानं ओरबाडलं तर पोरं रागावतील म्हणून घरी सांगत नाहीत. "कुत्रं चावलं तर मी रागावणार नाही, पण लगेच सांग" हे वाक्य आज रात्रीच मुलांना सांगा.

गटानं काय करता येईल?

भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही जबाबदारी २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे, त्यात ग्रामपंचायतही येते. महिला ग्रामसभेत हा विषय गटाच्या नावानं मांडता येतो. पशुवैद्यकीय दवाखान्याला गटाच्या पत्रावर विनंती करून गावातल्या पाळीव कुत्र्यांसाठी रेबीज लसीचा एक दिवस ठरवता येईल का, विचारा. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमाराला मागणी केलेली बरी. दहा घरांतून दहा जणी कुत्री घेऊन एकाच दिवशी आल्या, तर डॉक्टरांनाही सोपं आणि आपल्यालाही.

आणि घरातला विषय घरात. पुढच्या वेळी कुणी पिशवीतून पिलू काढलं, तर त्याला दूध-भाकर जरूर घाला, पण त्याच रात्री सगळ्यांना बसवून पाच प्रश्न विचारा. वहीत नावं लिहा. ज्याचं नाव सकाळच्या भाकरीपुढं आहे, त्याला सकाळी उठवा. तुमचं 'हो' आल्यावर ते पिलू घरचं. आणि एकदा घरचं म्हटलं की म्हातारं झालं तरी आपलंच.